तिसऱ्या वाटीतलं तेल

“तिला काय विचारताय? तिला खारट आणि अळणी एवढंच कळतं,” नवरा म्हणाला आणि टेबलाशी बसलेले सगळे हसले.

द्राक्षमळ्याच्या मालकाने तिला फक्त वाइन कशी वाटली असं विचारलं होतं. उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने घोटाबरोबर गिळलं. मालक हसला, त्याची बायको हसली, दारात उभा असलेला आचारीसुद्धा हसला. ती बशीकडे बघत राहिली.

कालपासून हे तिसऱ्यांदा. काल चीजच्या कारखान्यात तो म्हणाला होता, “हिला पिशव्या धरायला आणलंय.” आज सकाळी पाववाल्याकडे म्हणाला, “आमच्या घरी जळका पावसुद्धा खपतो.” आणि पिशव्या खरंच तिच्याच हातात होत्या.

नवरा पेपरात खाण्यापिण्यावर सदर लिहायचा. सहा वर्षांपूर्वी एका तापात त्याचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. आणि वास नाही म्हणजे चव नाही. ओट्यापाशी उभा राहून तो ढसाढसा रडला होता. “मी आहे ना,” ती म्हणाली होती. तेव्हापासून ती पाच दिवस औषधांच्या दुकानात उभी राहायची आणि शनिवार-रविवार त्याच्यासाठी जेवायची. पहिला घास ती घ्यायची आणि तोंडाशी रुमाल धरून हळूच सांगायची. हे सूप म्हणजे पालापाचोळ्यातून अनवाणी चालल्यासारखं. हे चीज म्हणजे लोकरीच्या कपड्यांची पेटी उघडली. मनात येईल ते बोलायची. तो मान डोलवायचा आणि घरी जाऊन लिहायला बसायचा. आधी आतल्या पानावर, कोपऱ्यात येणारं सदर त्याच वर्षी पुरवणीच्या पहिल्या पानावर आलं. आजारपणाने माणूस खोल झाला, असं संपादक म्हणायचे. तिलाही ते पटायचं. पण नाव झालं तशी नवऱ्याची जीभ सैल सुटली आणि ती चालायची तिच्यावरच.

जेवण झाल्यावर मालक त्यांना मळ्याच्या दुकानात घेऊन गेला. सुट्टीचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मालकाने ऑलिव्हच्या तेलाच्या तीन वाट्या मांडल्या. “यातलं सगळ्यात चांगलं कुठलं ते तुम्ही सांगायचं,” तो नवऱ्याला म्हणाला. “लगेच बाहेर फळ्यावर लिहून टाकतो.” गिऱ्हाइकं भोवती जमली.

सवयीप्रमाणे तिने आधी पावाचा तुकडा बुडवला. पहिलं बरं होतं. दुसरं उत्तम, कोवळ्या गवतासारखं. तिसरं जिभेवर पडलं आणि तिच्या अंगावर काटा आला. खवट. डब्याच्या तळाशी महिनोन् महिने पडून राहिलेलं. मालकाला कसा पत्ता नव्हता, देव जाणे.

नवरा तिच्याकडे झुकला. “बोल.”

“तिसरं,” ती रुमालाआडून म्हणाली. “तिसऱ्याला तोड नाही.”

सहा वर्षांत ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. होऊ दे शोभा, चारचौघांत होऊ दे. कळू दे कुणाला काय कळतं ते.

नवऱ्याने तिसरी वाटी उचलली. नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली.

“हे खवट झालंय,” तो म्हणाला. “काढून टाका.”

मालकाने वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याने हात जोडले. “उगाच नाही तुम्हाला बोलवत,” तो म्हणाला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

ती गर्दीतून वाट काढत बाहेर गाडीपाशी गेली. नवरा मागोमाग आला.

“कधी आलं परत?”

“काय?”

“नाक.”

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, “हळू बोल. दोन वर्षं झाली.”

दोन वर्षं! पोटात कळा येत असताना तिने त्याच्यासाठी शिंपले खाल्ले होते. भाचीच्या लग्नातून अर्ध्यावर उठून ती कुठल्याशा हॉटेलातलं बदक चाखायला धावली होती. तिने पिशव्या खाली आपटल्या. आत काहीतरी फुटलं आणि व्हिनेगरचा ओघळ तिच्या चपलेपर्यंत आला.

“मग मला कशाला फरपटत आणतोस? आणि वर चार लोकांत माझी अक्कल काढतोस?”

“कारण मला लिहिता येत नाही!” तो एकदम ओरडला. आता आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं वळून बघायला लागली, पण त्याला भान नव्हतं. “नाक आलं त्याच आठवड्यात तुला न सांगता एकटा जाऊन जेवलो. सगळं कळत होतं. लिहायला बसलो तर ‘चविष्ट’च्या पुढे एक ओळ सरकेना. ताप यायच्या आधी दहा वर्षं लिहीत होतो, एक तरी पत्र आलं होतं कुणाचं? छापून येतं ते सगळं तुझं आहे, शब्दन् शब्द. लोक मला नाही वाचत, तुला वाचतात. झालं समाधान?”

तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. पण आता तो कुठे न्यायचा ते तिला ठाऊक होतं.

“संपादकांना फोन लाव,” ती म्हणाली. “मी बोलते.”