तांदळातलं नाव

यंत्राने लग्नाच्या जुन्या फोटोतला एकेक चेहरा ओळखला. आजारी मुक्ताला वाचवू शकेल असं रक्त मात्र एकाच घराण्यात होतं, डोक्यावरून पदर घेतलेल्या नवरीच्या माहेरी. ती नवरी म्हणजे मुक्ताच्या आईची, हेमांगीची आजी.

‘हिचं माहेरचं नाव सांगा,’ यंत्र म्हणालं.

हेमांगीने आप्पामामांना फोन लावला. ‘मामा, तुमच्या आईचं नाव काय?’

‘सरस्वती.’

‘ते लग्नात तांदळात लिहिलेलं, सासरचं. त्याआधीचं?’

‘मी पाळण्यात असताना ती गेली गं. तिच्या माहेराशी संबंधच तुटला, सांगणारं कुणी उरलं नाही.’

यंत्राने तोच प्रश्न पुन्हा विचारला. हेमांगीला रडू आवरेना.

खाटेवरून मुक्ताने तिचा हात धरला. ‘आई, तुझं आधीचं नाव काय होतं? मला माहीतच नाही.’