अकरा कादंबऱ्यांचं पेन

माझ्या पेनांच्या दुकानात कादंबरीकार नवरा बोलत होता आणि त्याची बायको मुकाट ऐकत होती. "या स्वस्तातल्या पेनाने अकरा कादंबऱ्या हातावेगळ्या केल्या मी! निब तेवढी बदलून द्या. हिला विचारू नका, हिची मजल वाणसामानाच्या यादीपर्यंत." असं म्हणत त्याने उजव्या हाताने झोकात सही केली. निब कागदात रुतली. "बघा, पार कामातून गेलीय."

मी निब उपसली, भिंगाखाली धरली आणि नवी बसवली. त्याने हात पुढे केला.

"तुम्ही राहू द्या," मी म्हणालो. "जुनी निब डावऱ्या हाताने झिजलीय. वहिनी, नवी तुम्ही चालवून बघा."