दुसऱ्या तासिकेतली गोष्ट

"दिवसा?" सोजरबाई खुर्चीतून उठायलाच लागली. "नाई बाई, मी नाई सांगत. दिवसा काहानी सांगतली का मामा रस्ता भुलते."

तिसरीच्या वर्गातल्या पोरांनी आपल्या मॅडमकडे पाहिलं. वैजयंतीने हातातल्या पाठ टाचणाकडे पाहिलं. अध्ययन निष्पत्ती: ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतात. साधन: गावातील ज्येष्ठ व्यक्ती. वेळ: दुसरी तासिका. उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन, सगळं आपापल्या रकान्यात नीट बसवलं होतं. मामा तेवढा राहून गेला होता.

आणि तो राहावा कसा, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. याच गावात, याच सोजरबाईच्या अंगणात बाजेवर दाटीवाटीने पडून तिचं लहानपण गेलं होतं. दुपारी कुणी गोष्टीचा हट्ट धरला की सोजरबाई हेच म्हणायची आणि पोरं मुकाट्याने दिवस मावळायची वाट बघायची. पुढे डी.एड. झालं, नोकरी लागली, प्रशिक्षणांवर प्रशिक्षणं झाली. त्या सगळ्यात मामा कधी डोक्यातून गेला ते कळलंही नाही.

वर्गात मागच्या खुर्चीवर केंद्रप्रमुख दौलतराव निरीक्षणाला बसले होते. केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी भाषेचं एकच नियोजन करायचं त्यांच्या मनात होतं. गोष्टीचा व्हिडिओ दाखवा, निष्पत्ती तीच आणि डोक्याला ताप नाही, असं त्यांचं म्हणणं. वैजयंतीने भांडून आजचा पाठ मागून घेतला होता. तो जमला नाही तर सगळीकडे व्हिडिओच. सोजरबाईकडे तर आता तिची नातवंडंही गोष्टीला बसत नव्हती.

"आजी, अंधश्रद्धा आहे ही," दौलतराव मागून म्हणाले. "सांगा बिनधास्त."

"तुमी सायेब मानूस, तुमचं चालते," सोजरबाई म्हणाली. "या लेकराइचे मामा सारे बाहेर हायेत. कोनाचा पुन्याले, कोनाचा सुरतेले. मी कायले कोनाच्या वाटेत आडवी जाऊ?"

पहिल्या रांगेतल्या राखीचं तोंड रडवेलं झालं. तिचा मामा ट्रकवर होता. "नोको सांगू आजी," ती म्हणाली. "माहा मामा आज येऊन राह्यला."

अशा वेळी मुलांना काय समजावायचं ते वैजयंतीला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही. पण ती उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. मग दुसरी.

"आजी, रात झाली तर सांगशीन ना?"

सोजरबाईने लावलेल्या खिडक्यांकडे पाहिलं. मग हसली. "वैजू, तू लहानपनीबी अशीच होती," म्हणाली आणि पुन्हा टेकली.

पोरांना काही सांगावं लागलं नाही. दप्तरं उशाला घेऊन सगळी सतरंजीवर पटापट आडवी झाली.

"मॅडम, मला मुलांचे चेहरे दिसायला पाहिजेत," दौलतराव म्हणाले. "सहभाग कसा नोंदवू मी?"

"ऐकून नोंदवा सर," वैजयंती म्हणाली आणि तिने दारही लोटलं.

अंधार झाला. कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. वैजयंती पोरांच्या शेजारी भिंतीला टेकून खालीच बसली. घरी चल म्हणून हाका मारून दमणारी आणि मग स्वतःच बाजेच्या कडेला टेकून ऐकत बसणारी आई तिला आठवली. ते दिवस तिला फार फार हवेसे वाटले.

"एका गावात एक म्हातारी राहे," सोजरबाईने सुरुवात केली आणि ती थांबली.

सगळे वाट बघत राहिले.

"मंग?" राखीने विचारलं.

"मंग काय? हुं कोन म्हनन? हुं म्हटल्याबिगर काहानी पुढं जाते का कुठी?" सोजरबाईचा आवाज दुखावलेला होता. "कोनी आयकून राह्यलं का नाई, हे मले अंधारात कसं समजन?"

पोरं गोंधळली. गोष्ट ऐकताना आपणही काही म्हणायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मोबाइल काही हुं मागत नाही. वैजयंतीने हुं म्हणायला तोंड उघडलं, पण पोरांपैकीच कुणी म्हणेल म्हणून ती थांबली. सोजरबाईच्या बांगड्या वाजल्या. ती पुन्हा उठत असावी.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि दौलतराव म्हणाले, "हुं."