रिकाम्या ओळी वगळा

आकडा आला आणि आकडेवालीने टेबलाखाली मूठ आवळली. नवी गोळी घेणाऱ्यांचं दुखणं जुन्या गोळीच्या मानाने निम्म्यावर आलं होतं, आणि हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता नसल्यातच जमा होती. नव्या मॅक संगणकाच्या पडद्यावरचा तक्ता इतका नीटनेटका होता की तिला रडूच फुटलं.

रुग्णालयात तिला सगळे आकडेवालीच म्हणायचे. हाडांपर्यंत कॅन्सर पोचलेल्या माणसांचा वॉर्ड होता तो. बरं व्हायची आशा तिथे कुणाला नव्हती, दुखणं तेवढं कमी व्हावं म्हणून नव्या गोळीची चाचणी चालली होती. निम्म्या रुग्णांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी, आणि पाकिटं हुबेहूब सारखी. कुणाला कुठली गोळी जाते हे सिस्टरांना माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं; ती यादी फक्त आकडेवालीकडे होती. शेवटच्या आठवड्यात सिस्टर प्रत्येकाला विचारायच्या, शून्य ते दहा, किती दुखतंय, आणि तो आकडा स्प्रेडशीटमध्ये भरायच्या. त्यातून निष्कर्ष काढणं हे आकडेवालीचं काम.

आधीचा संगणक महाकटकटी होता. एक चौकट रिकामी दिसली की अडून बसायचा. मग ती वॉर्डात फोन लावायची, सिस्टरांचं डोकं खायची आणि आकडा मिळवूनच पुढे सरकायची. तो संगणक एकदाचा मेला आणि त्याच्या जागी मॅक आला. स्प्रेडशीटला जोडायचं संख्याशास्त्राचं अ‍ॅड-इन तिने स्वतःच त्यावर बसवलं. त्यात एक सोय होती, 'रिकाम्या ओळी वगळा'. तिने त्या सोयीसमोर टिचकी मारली आणि अ‍ॅड-इन मुकाट्याने कामाला लागलं. गुणी बाळ आहे माझं, असं ती मॅकला थोपटून म्हणालीसुद्धा.

आनंद नुसत्या कामाचा नव्हता. तिच्या मोठ्या भावाला हाच आजार होता. डॉक्टरांनी खास परवानगी काढून नव्या गोळ्यांची एक बाटली त्याच्या घरी दिली होती, पण निकाल हाती येईपर्यंत झाकण उघडायचं नाही असं बजावून. बाटली उशाशी ठेवून तो कळा सोसत होता. उशीत तोंड खुपसून ओरडायचा, आणि मग बहिणीला फोन करून विचारायचा, तुझा मॅक चहा पिऊन कामावर आला का गं. ती हसायची आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडायची. दादाच्या बाबतीत तिला आकड्यांमधलं काहीच कळत नसे.

म्हणून तक्ता दिसताच तिने आधी त्याला फोन केला. डॉक्टरांना नंतर.

"दादा, घे गोळी. मी सांगते ना, घे."

आकडेवालीचा हुकूम आहे म्हटल्यावर घ्यायलाच हवी, असं म्हणून तो हसला. खूप दिवसांनी हसला. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज तिने फोनवर ऐकला आणि मगच फोन ठेवला.

जेवून आल्यावर ती अहवाल लिहायला बसली. पहिल्याच ओळीत रुग्णांची संख्या लिहायची असते. ती तक्त्यातून उतरवून घेताना तिचा हात थांबला. दोन्ही गटांत सुरुवातीला तीस-तीस माणसं होती. अ‍ॅड-इनने जुन्या गोळीची अठ्ठावीस धरली होती. नव्या गोळीची सतरा.

तिने मूळ पान उघडलं. नव्या गोळीच्या ओळींत जागोजागी शेवटची चौकट कोरी होती. जुना संगणक असता तर सकाळीच अडून बसला असता. तिने वॉर्डात फोन लावला आणि एवढे आकडे भरायचे कसे राहिले, असं जरा चिडूनच विचारलं.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "राहिले नाहीत, मीच मोकळे सोडलेत. गेलेल्या माणसाचा काय आकडा लिहू? शून्य लिहिलं तर दुखत नव्हतं असा अर्थ होतो. ते कसं लिहायचं?"

कशी गेली ही माणसं, एवढंच आकडेवालीने विचारलं. सिस्टर म्हणाल्या की त्या वॉर्डात माणसं जायचीच, त्यात नवल ते काय. पण हे पेशंट तसे सुखाने गेले. गोळी घेतली की गाढ झोप लागायची, त्या झोपेतून कुणी पहिल्या दिवशी उठलं नाही, कुणी चौथ्या. सुटले बिचारे, असंच वाटायचं.

पुढचं न ऐकता तिने दादाला फोन लावला. तो वाजत राहिला, वाजून वाजून बंद झाला. तिने पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला वहिनीने उचलला.

"वहिनी, दादाला उठवा. आत्ताच्या आत्ता हलवून जागं करा त्याला."

"हळू बोला हो ताई," वहिनी कुजबुजली. "किती महिन्यांनी शांत झोपलेत. घोरणंसुद्धा थांबलंय."