एकी-बेकी
जिनिव्हाला निघायच्या सकाळी माय बॅगेत संत्री कोंबत होती, मी बाहेर काढत होते. "काय करशीन वं तिथं?" तिनं पुन्हा विचारलं. "कणावर कण आदळून पाहतात, माय. काहीजण म्हणतात, जगं पुष्कळ हायेत. इथं झालं नाही ते दुसरीकडं झालं असन." मायचे हात थांबले. लहानपणी नरखेडच्या बगीच्यातला पंप कोणी सुरू करायचा, हे आम्ही बहीणभाऊ संत्र्याच्या फोडी मोजून एकी-बेकीवर ठरवायचो. एके दिवशी बेकी निघाली, भाऊ हरला. ओल्या पंपाचा करंट लागून तो गेला. "मंग त्या जगात एकी निघाली असन," माय म्हणाली. "पंपावर तू गेली असशीन." बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. तिनं एक संत्रं माझ्या मुठीत दाबलं. "तिथल्या मायले सांगजो, रडू नको म्हणावं, पोरगी इकडं जित्ती हाये."