गव्हाच्या पेंढीचं छप्पर

“ही बादली ओत आणि ताजं पाणी आण. गरम आण,” टॅप्सेलबाई शिडीवरून म्हणाल्या. “आणि धुण्याचा सोडा हात आखडून टाकू नकोस. तुझ्या माहेरचा नाही तो.”

खाली उभ्या असलेल्या सुनेनं, डोरीननं, बादली घेतली. पाणी शाईसारखं झालं होतं. सकाळपासूनची ही अकरावी बादली.

“आई, छपरात कोण बघणार आहे?”

“पत्र कोणी वाचून दाखवलं मला? तूच ना?”

डोरीननं वाचलेलं खरं होतं. सरकारचे मिस्टर फॉदरगिल गुरुवारी अकरा वाजता येतील, इमारत पाहतील, विशेषतः छपराची लाकडं. आज बुधवार होता.

गावाच्या वळणावर टॅप्सेलबाई चालवत ती जुनी सराई, ‘गव्हाची पेंढी’, उभी होती आणि वळणच नको झालं होतं. लॉऱ्यांना रस्ता सरळ हवा होता. सराईच्या बिअरवाल्या मालकांनी ती पाडायला सही करून टाकली. पाद्रीसाहेबांनी दोन पत्रं लिहिली, गावानं अर्ज केला, वरून नकाराचं छापील उत्तर आलं. शेजारचं लोहाराचं घर ईस्टरनंतर पाडलं. आता तिथे नुसता चिखल. सरकारच्या जपायच्या इमारतींच्या यादीत नाव चढलं तर पेंढीला कुणी हात लावणार नव्हतं. नाही चढलं तर पुढच्या महिन्यात तिचाही चिखल, आणि टॅप्सेलबाईंना शहरात सातव्या मजल्यावरची खोली. एकोणिसाव्या वर्षी नवरी होऊन त्या ह्या दारातून आत आल्या. नवरा, आल्बर्ट, ह्याच घरात गेला. सातव्या मजल्यावरून मेलेल्या माणसाची पेटी कशी उतरवतात, हे त्यांनी नगरपालिकेच्या बाबूला विचारलं होतं. त्याला सांगता आलं नव्हतं.

हे यादीचं सगळं एका पाहुण्या मास्तरानं सुरू केलं. मे महिन्यात सायकलवर आला, आठवडाभर राहिला. एका दुपारी न विचारता बॅटरी आणि कॅमेरा घेऊन माळ्यावर चढला. गेला पांढऱ्या सदऱ्यात, उतरला तो कोळसेवाला होऊन. आणि वर हसतही होता.

“माझ्या घरातून माणूस असा बाहेर पडला,” टॅप्सेलबाई तारेचा ब्रश तुळईवर ओढत म्हणाल्या. “सगळ्या गावानं बघितलं. त्यानंच लिहिलं असणार सरकारला, घर चांगलं पण बाई घाणेरडी.”

“त्यांनी तर घर वाचवा म्हणून लिहिलं.”

“मग छपराचं नाव कशाला काढलं? दर्शनी भिंत का नाही? जिना का नाही? तुला नाही कळायचं. तुझ्या आईच्या घरी माळाच नव्हता.”

सासूचं वय एकाहत्तर, आणि काल दुपारपासून ती शिडीवर होती. डोरीननं दुसरा ब्रश घेतला आणि पलीकडच्या वाशाला लागली. मळ असा चिवट की खरवडल्याशिवाय सुटेना. संध्याकाळी सहाला शेवटची तुळई झाली. आतलं लाकूड मधाच्या रंगाचं निघालं. टॅप्सेलबाई शिडीच्या पायरीवर टेकल्या आणि खूप दिवसांनी त्यांच्या तोंडातून बरा शब्द आला.

“आल्बर्टनं बघायला हवं होतं.”

गुरुवारी मिस्टर फॉदरगिल वेळेवर आले. उंच, खोकणारे गृहस्थ. दर्शनी विटांकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. खिडक्यांकडे पाहून मान हलवली. जिन्यावर एकदा हात फिरवला नि सोडला. टॅप्सेलबाईंचं काळीज प्रत्येक वेळी एक पायरी खाली गेलं.

“चहा आधी?”

“आधी छप्पर,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता दिसली.

ते वर गेले. दोघी खाली उभ्या राहिल्या. डोक्यावर बूट चालले, थांबले. मग इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की डोरीननं सासूचा दंड धरला. सासूनं तो झटकला नाही.

ते उतरले तेव्हा त्यांचे हात स्वच्छ होते. टॅप्सेलबाईंनी आधी तेच पाहिलं आणि मान ताठ केली.

“बसा ना. केक केलाय.”

ते बसले नाहीत. पिशवीतून त्यांनी मास्तरानं काढलेला फोटो काढला, टेबलावर ठेवला. फोटोतलं छप्पर डांबरासारखं काळं होतं.

“बाई, तुम्ही वर कुणाला सोडलं होतं? रस्तेवाल्यांपैकी कोणी?”

“कुणालाही नाही. का?”

“ह्या घराला आधी धुराडं नव्हतं,” ते खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले. “खाली, आपण उभे आहोत ना, इथे मधोमध जमिनीवर जाळ असायचा. धूर सरळ छपरात. पाचशे वर्षांपूर्वीची काजळी होती ती. विटा नंतरच्या, खिडक्या नंतरच्या, जिनाही नंतरचा. घर किती जुनं ते सांगणारी तेवढी काजळीच होती. मी तीच बघायला आलो होतो.”

“फोटो आहे की तुमच्याकडे,” डोरीन कशीबशी म्हणाली.

“फोटो कुठल्याही छपराचा असू शकतो. रस्तेवाले पहिलं हेच म्हणतील. आता मी यादीत काय लिहू?”

डोरीननं सोड्यानं चिरलेले हात एप्रनखाली घेतले. टॅप्सेलबाईंनी घेतले नाहीत. त्यांचे हात टेबलावर, फोटोच्या शेजारी, तसेच उघडे राहिले.

मिस्टर फॉदरगिलांनी टोपी उचलली. दाराशी ते वळले. आवाजात राग होता, पण तो बाईंवर नव्हता. बाईंची त्यांना दयाच आली होती.

“एक इंचसुद्धा सोडलेला नाही, बाई. ज्यानं कुणी हे केलं, त्याला तुमचं घर पाडायचंच होतं.”