ताठ शिक्का

नागोयातल्या आमच्या कंपनीत कागदावर हाताखालच्या माणसानं आपला शिक्का साहेबांच्या शिक्क्याकडे जरासा झुकवून, वाकून नमस्कार केल्यासारखा, मारायचा असतो. मी ताठच मारते, म्हणून नागुमो साहेब माझ्यावर डूख धरून आहेत. आज मी प्रयोगशाळेत बनवलेली पारदर्शक फिल्म उजेडात न्याहाळत ते म्हणाले, “मिझुसावाबाई, हे तर कोरं प्लास्टिक! यातले रेणू तुमचं ऐकतात कशावरून? मंजुरी विसरा, काम गुंडाळा.” “ऐकतात ना. रसायनाच्या पातळ थरावरून प्रकाशाची रेघ हळूहळू फिरवली, की रेणू ती जाईल तसे वळतात आणि तिथंच घट्ट होतात.” वळलेल्या रेणूंमधूनच प्रकाश पार जाऊ देणाऱ्या दोन काळ्या काचांमध्ये मी फिल्म धरून त्यांच्या डोळ्यांसमोर नेली. काळोखात दोन गोल शिक्के लखलखले: साहेबांचा आणि शेजारी माझा. साहेब बघतच राहिले. मग मंजुरीच्या कागदावर शिक्का मारत पुटपुटले, “इथंसुद्धा तुमचा ताठच?” “झुकवायचे होते रेणू, साहेब. ते झुकलेत.”